विश्लेषण : मेलेले जंतूही विषारी कसे? प्लेगची लस बनवणारे हाफकिन आणि आपल्या हिरड्या

ब्रश करताना फेसात लालसर रंग दिसतो. आठ-दहा दिवस असे चालते, मग थांबते आणि विषय मागे पडतो. काही वर्षांनी एखादा दात हलू लागतो. तो किडलेला नसतो, फारसा दुखतही नसतो, तरी हलतो. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय असो वा कोपऱ्यावरचा दवाखाना, दातांच्या डॉक्टरांना ही तक्रार नवी नाही. घरातली मोठी माणसे तिला पायोरिया म्हणतात. या आजारात दाताला धरून ठेवणारी हिरडी, तिच्यातले तंतू आणि खालचे हाड झिजते. ही झीज होते जंतूंच्या विषामुळे आणि त्या विषावर शरीर जे उत्तर देते त्यामुळे.

जंतू वेगळा आणि जंतूचे विष वेगळे, हे विज्ञानाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कळू लागले. त्याच काळात हे ज्ञान हाताशी धरून मुंबईत एका माणसाने प्लेगची लस तयार केली. त्याचे नाव वॉल्डेमार हाफकिन. परळच्या संस्थेला त्याचे नाव आहे, पण माणूस मात्र बराचसा विस्मरणात गेला. जंतूंच्या विषाने त्याला कीर्ती दिली आणि वेगळ्याच एका जंतूच्या विषाने ती हिरावूनही घेतली.

हाफकिन कोण होते?

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरातल्या ज्यू कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज युक्रेनमध्ये आहे. विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतले. ते वैद्यकीय डॉक्टर नव्हते, आणि ही गोष्ट पुढे भारतात त्यांच्याविरुद्ध वारंवार काढली गेली. ओडेसात त्यांना गुरू लाभले ते इल्या मेचनिकॉव्ह. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात, हे दाखवणारे हेच मेचनिकॉव्ह. त्यांना पुढे १९०८ मध्ये नोबेल मिळाले.

ओडेसात ज्यूंवर हल्ले होऊ लागले तेव्हा हाफकिन स्वसंरक्षण दलात उतरले, जखमी झाले, पकडले गेले. मेचनिकॉव्ह यांनी त्यांची सुटका करवली. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळण्यासारखी होती. त्यांनी नकार दिला. १८८८ मध्ये त्यांनी देश सोडला, काही काळ जिनिव्हात काम केले आणि मग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आले. तिथे जागा होती फक्त ग्रंथालयात. दिवसा पुस्तके लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे, अशी त्यांची सुरुवात झाली.

जंतूंचे विष म्हणजे नेमके काय?

हाफकिन पॅरिसला पोहोचले त्याच सुमारास पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये एक मोठा शोध लागला होता. १८८८ मध्ये एमिल रू आणि अलेक्झांडर यर्सिन यांनी घटसर्पाचे जंतू रश्शात वाढवले, रस्सा इतका बारीक गाळला की त्यात एकही जंतू उरला नाही, आणि तो प्राण्यांना टोचला. प्राणी मेले. म्हणजे मारक ठरला तो जंतूने बाहेर सोडलेला पदार्थ. धनुर्वाताचा जंतूही असेच विष सोडतो. शास्त्रज्ञ याला बहिर्विष म्हणतात.

१८९२ च्या सुमारास बर्लिनमध्ये रिचर्ड फायफर यांना पटकीच्या जंतूंवर काम करताना उलटे आढळले. त्यांनी जंतू उष्णतेने मारून टोचले, तरी प्राणी आजारी पडले. हे विष जंतू बाहेर सोडत नव्हता, ते त्याच्या शरीराचाच भाग होते. जंतू मेला, फुटला की ते मोकळे होते. फायफर यांनी त्याला अंतर्विष म्हटले. आज माहीत आहे की हे विष म्हणजे अनेक जंतूंच्या बाह्य आवरणातला, चरबी आणि साखर यांच्या जोडणीने बनलेला रेणू. उकळूनही तो सहज नष्ट होत नाही.

गंमत अशी की फायफर यांना हे विष पटकीच्या जंतूत सापडले खरे, पण पटकीच्या रुग्णाच्या अंगातले पाणी काढून घेणारे विष वेगळेच, बाहेर सोडले जाणारे निघाले. ते दाखवून दिले कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी, १९५९ मध्ये. अंतर्विषाची कल्पना मात्र टिकली. प्लेगच्या जंतूत ते आहे आणि हिरड्या पोखरणाऱ्या जंतूंतही आहे.

पॅरिसहून मुंबईला कसे आले?

हाफकिन यांनी पटकीची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, दुखले, पण बाकी काही झाले नाही. तिची खरी परीक्षा पटकी असलेल्या देशातच होणार होती. भारताचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या मदतीने १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्याला आले. उत्तर भारतातल्या छावण्या, कोलकात्याच्या वस्त्या, आसामचे चहामळे असे फिरून त्यांनी दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांवर लोकांना लस टोचली. मलेरियाने खंगून ते इंग्लंडला गेले आणि १८९६ मध्ये परतले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. व्हिएगस मूळचे गोव्याचे. बंदराला लागून असलेल्या दाट वस्तीत उंदीर मरत होते, मग माणसे मरू लागली. सरकारने हाफकिन यांना बोलावले. ७ ऑक्टोबर १८९६ रोजी ते मुंबईत उतरले.

प्रयोगशाळा म्हणून त्यांना मिळाली भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई.

लस कशी बनली?

पटकीच्या लसीने हाफकिन यांना एक अडचण दाखवली होती. लस घेतलेल्यांत पटकी होण्याचे प्रमाण कमी होई, पण ज्यांना झालीच त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण फारसे घटत नसे. त्यांनी तर्क लढवला की जंतूंचे मृत शरीर टोचले तर लागण रोखली जाते. जंतूंचे विषही टोचले तर लागण झाल्यावरचा मृत्यू रोखता येईल. म्हणून प्लेगच्या लसीत त्यांना जंतू आणि विष दोन्ही हवे होते, आणि विष भरपूर हवे होते.

त्यासाठी त्यांनी जंतू रश्शात सहा-सहा आठवडे वाढवले. लोकांच्या भावना लक्षात घेऊन गोमांसाऐवजी बकऱ्याच्या मांसाचा रस्सा वापरला. रश्शावर तुपाचे थेंब तरंगत सोडले. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून वाढत आणि छतावरून लोंबणाऱ्या चुनखडीच्या सुळक्यांसारखे खाली उतरत. बाटली हलवली की सुळके तुटून तळाशी बसत, वर नवे वाढत. असे अनेकदा केले की रस्सा जंतूंनी आणि त्यांच्या विषाने दाट होई. मग तो साधारण ६५ अंश सेल्सिअसला तासभर तापवून जंतू मारायचे आणि थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याच्या कित्येक पट मात्रेत. ताप चढला, टोचलेली जागा सुजली. ही सूज आणि ताप म्हणजे मेलेल्या जंतूंच्या विषाला शरीराने दिलेले उत्तर होते.

महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांपैकी जवळपास निम्म्यांनी स्वतःहून लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जण आजारी पडले, त्यातले ६ दगावले. घेतलेल्यांत दोघे आजारी पडले, मृत्यू एकही नाही. आकडे लहान होते, पण दोन्ही गटांचे अन्न, कोठड्या, हवा एकच असल्याने तुलना चोख होती.

बाहेर वातावरण तापलेले होते. घरांची झडती, रुग्णांना उचलून नेणे, सामान जाळणे यांमुळे लोक बिथरले होते. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. २२ जूनला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारी सुईवर विश्वास कोण ठेवणार? हाफकिन यांचा आग्रह होता की सक्ती नको. तरुण आगाखानांनी सर्वांसमोर लस घेतली, अनुयायांनाही द्यायला लावली आणि प्रयोगशाळेला आपली इमारत दिली. १० ऑगस्ट १८९९ पासून प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तिथून लाखो मात्रा देशभर जाऊ लागल्या. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, तिचा परिणामही काही महिन्यांचाच होता. पण सरकारी प्लेग आयोगाने तपासून सांगितले की लागण आणि मृत्यू दोन्ही तिने कमी होतात.

याच १८९७ साली जर्मनीचे प्लेग पथक मुंबईत आले होते, आणि त्यात अंतर्विषाची कल्पना मांडणारे फायफरही होते.

हिरड्यांत हेच विष काय करते?

हाफकिन यांच्या शरीरात जे काही तास-दिवस घडले, ते हिरडीच्या आजारात वर्षानुवर्षे चालू राहते, हा मोठा फरक.

दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यावर जंतूंचा पातळ, चिकट थर बसू लागतो. याला प्लाक म्हणतात. सुरुवातीचे जंतू बहुतेक निरुपद्रवी असतात. पण थर तसाच राहिला, जाड झाला की आतल्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि तिथे वेगळी वस्ती होते. पॉर्फायरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फॉर्सिथिया, ट्रेपोनेमा डेंटिकोला ही त्यातली बदनाम नावे. यातल्या पहिल्या दोघांच्या आवरणात अंतर्विष असते. हे प्लेगच्या विषाच्याच कुळातले, ताकद आणि घडण वेगळी.

हे विष हिरडीत झिरपले की तिथल्या पेशी त्याला लगेच ओळखतात. धोक्याची घंटा वाजते, रक्तवाहिन्या फुगतात, आणि मेचनिकॉव्ह यांनी पाहिलेल्या त्या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तिकडे धावतात. हिरडी लाल होते, सुजते, हात लागताच रक्त येते. इथपर्यंत सगळे भरून येण्यासारखे असते. १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये निरोगी विद्यार्थ्यांना दात घासणे बंद करायला सांगून याचा प्रयोग झाला. दोन-तीन आठवड्यांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासू लागल्यावर सुमारे आठवडाभरात पूर्ववत झाल्या.

थर हटला नाही तर मात्र लढाई लांबते आणि शरीराचीच शस्त्रे शरीरावर उलटतात. जंतूंना मारण्यासाठी पेशी जी रसायने सोडतात, ती हिरडीतले कोलॅजेनचे तंतू तोडतात. हाच दात आणि हाड यांना बांधणारा दोर. त्याच संदेशांमुळे हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात. शिवाय पॉर्फायरोमोनास स्वतःची प्रथिने कापणारी रसायने सोडतो. ॲग्रिगॅटिबॅक्टर नावाचा दुसरा जंतू बहिर्विष सोडून पांढऱ्या पेशीच मारतो. तरुण वयात झपाट्याने हाड झिजण्याच्या काही प्रकारांत हा जंतू सापडतो.

हिरडी दातापासून सुटली की तिथे खाच तयार होते. निरोगी हिरडीत ही खाच एक ते तीन मिलिमीटर असते. चार किंवा जास्त झाली की ब्रशचे केस तळाशी पोहोचत नाहीत आणि जंतूंना हवा तसा आडोसा मिळतो. थरात लाळेतले क्षार बसून तो दगडासारखा कडक होतो, त्याला टार्टर म्हणतात. त्याच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा थर सहज बसतो. डॉक्टर स्केलिंग करतात ते यासाठी. स्केलिंगने दात सैल होतात, ही समजूत चुकीची आहे. हाड आधीच झिजलेले असते. टार्टरने धरून ठेवलेला दात ते काढल्यावर हलताना जाणवतो इतकेच. नुसत्या गोळ्यांनी हे काम का होत नाही, याचे उत्तरही हाफकिन यांच्या बाटलीत आहे. जंतू मेले तरी त्यांचे विष थरात राहते. ते खरवडूनच काढावे लागते.

मराठवाड्यात आणि एकूणच महाराष्ट्रात एक गोष्ट यात भर घालते, ती म्हणजे मशेरी, तंबाखू, गुटखा. धूम्रपानाने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते, आणि आजार नाही असे वाटत राहते. आत हाड झिजतच असते. मशेरीने दात घासणाऱ्यांना ती औषधी वाटते, प्रत्यक्षात जिथे ती लावली जाते तिथली हिरडी मागे सरकते. मधुमेहाचे नाते दुहेरी आहे. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणे कठीण जाते.

मुल्कोवालमध्ये काय घडले?

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठी लसमोहीम आखली. मागणी इतकी वाढली की परळमध्ये लस लवकर तयार व्हावी म्हणून पद्धत बदलली गेली. जंतू मारण्यासाठी उष्णतेवर भिस्त ठेवून कार्बोलिक ॲसिड वगळले. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये अशी पद्धत मान्य होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या गावात १०७ जणांना लस टोचली. साधारण आठवड्याने त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. सगळे एकाच बाटलीतून टोचलेले, क्रमांक ५३ एन. एकोणिसाच्या एकोणीस माणसे गेली.

धनुर्वाताचा जंतू माती-शेणात असतो. तो शरीरात फार पसरत नाही, जखमेपाशीच राहतो; त्याचे विष मात्र मज्जातंतूंवाटे मज्जारज्जूपर्यंत जाते आणि स्नायूंना सैल होण्याचा निरोप पोहोचू देत नाही. सुरुवात बहुधा जबड्यापासून होते. तोंड उघडता येत नाही, मग मान, मग पाठ धनुष्यासारखी ताणली जाते.

हाफकिन यांना पदावरून दूर केले गेले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने निष्कर्ष काढला की बाटली परळमध्येच दूषित झाली असावी. हाफकिन बिनपगारी रजेवर लंडनला गेले. लस दूषित कोणी केली हा प्रश्न राहिला बाजूला. एका परक्या, ज्यू, डॉक्टर नसलेल्या माणसाला इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या वर्तुळाने कधी आपले मानलेच नव्हते, ते आता उघड झाले. त्यांच्याबद्दल पुढे लहान ड्रायफस प्रकरण असा शब्दप्रयोग रूढ झाला.

पुरावा नीट पाहिला असता तर तो हाफकिन यांच्या बाजूने होता, आणि तो पुरावा विषाच्या स्वभावातच दडलेला होता. परळमध्ये बाटली भरताना धनुर्वाताचे जंतू शिरले असते तर मधल्या आठवड्यांत ते वाढले असते, बाटलीत विष साचले असते. असे तयार विष टोचले असते तर लक्षणे लवकर दिसली असती. प्रत्यक्षात आठवडा लागला. म्हणजे शरीरात गेले ते मोजके जंतू, आणि विष तयार झाले टोचल्यानंतर. दुसरे, धनुर्वाताच्या जंतूंच्या वाढीला तीव्र दुर्गंधी असते. बाटली उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. तिसरे, त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो उकळून न घेता, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून तसाच वापरला गेला होता. त्याच लसीच्या इतर बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही.

हे मुद्दे मान्य व्हायला पाच वर्षे लागली. मलेरियासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये सही करून पत्र दिले, ब्रिटिश संसदेत प्रश्न उठला, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला.

त्यानंतर?

हाफकिन भारतात परतले, पण परळला नाही. त्यांना कोलकात्याच्या प्रयोगशाळेत नेमले गेले. तिथे लस बनवण्याची सोय नव्हती, आणि माणसांवर नव्या लसींच्या चाचण्या घेण्याची परवानगीही दिली गेली नाही. ज्या माणसाने एका खोलीत आणि व्हरांड्यात प्लेगची लस उभी केली, त्याची ही वर्षे जवळजवळ कागदपत्रांत गेली. पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला निघून गेले. लग्न केलेले नव्हते. उत्तरायुष्यात ते अधिकाधिक धार्मिक झाले आणि आपली संपत्ती पूर्व युरोपातल्या ज्यू धार्मिक शिक्षणासाठी ठेवली.

१९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट असे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा परळमध्ये त्यांच्या नावाची पाटी पाच वर्षे जुनी झाली होती. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.